उकुलेलेवर घाणा

नारायणगावच्या स्टँडवर जीपवाले ओरडतात ना, "जुन्नर जुन्नर जुन्नर, चला बसा, एकच सीट राह्यली", आणि आत बघावं तर ड्रायव्हरच्या अर्ध्या मांडीवर पण माणूस बसलेला असतो, तो आवाज मी काढतो. हुबेहूब. एकदा मी स्टँडच्या मागं उभा राहून नुसता आवाज काढला तर दोन म्हाताऱ्या पिशव्या उचलून माझ्याकडंच चालत आल्या. टोमॅटो मार्केटात लिलाव बोलणारा, आमचे मुख्याध्यापक, सोसायटीचा चेअरमन, आणि आमचा धाकटा मामा, जो फोनवर असा बोलतो की पलीकडच्याला फोनची गरजच पडू नये, हे सगळे माझ्या घशात राहतात. भाडं देत नाहीत, पण राहतात.

त्यामुळं मी तोंड उघडलं की माणसं हसायला तयारच असतात. शाळेत असताना मला ह्याचं लई भारी वाटायचं. गॅदरिंगला दहाजण नाचून जायचे, कोण बघतंय? मी माईक हातात घेतला की मागच्या भिंतीवर बसलेली पोरंसुद्धा खाली उतरून पुढं यायची. गावात माझ्यापुढं कोण नव्हतं.

मग शेठनं ते आणलं.

शेठ म्हणजे माझा मित्र. आठवीपासून एका बाकावर. त्याचं घर मूळचं राजस्थानातलं, पण पणजोबापासून नारायणगावात कापडाचं दुकान, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. खिशात घडी केलेला रुमाल असायचा म्हणून आम्ही त्याला शेठ म्हणायला लागलो, ते आता त्याची आई पण म्हणते. पोरगा शांत. वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मान खाली. असला माणूस पुण्यात कॉलेजला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना काखेत काळी पिशवी. त्यातनं निघालं गिटारचं पिल्लू.

"हे काय रे? ह्याला दूध पाज, मोठं होईल," मी म्हटलं. सगळे हसले. शेठ पण हसला.

"उकुलेले म्हणतात ह्याला," तो म्हणाला.

"नाव हाय का उचकी हाय?"

परत हसले. माझं चांगलं चाललं होतं. गणपतीचे दिवस होते, मंडळाच्या मांडवात आम्ही थर्माकोल कापत बसलेलो, दुपारची वेळ. तो पायरीवर बसला, चार तारांवर बोटं फिरवली आणि एक साधं, जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं गाणं गायला लागला. आवाज काय फार मोठा नाय. वर जाताना थोडा फाटतो पण. पण समोरच्या पानपट्टीवाल्याची कात्री थांबली. थर्माकोल कापणाऱ्या पोरांचे हात थांबले. कडेनं जाणारा दूधवाला एक पाय जमिनीवर टेकवून मोटारसायकल बंद करून बसला. गाणं संपलं तरी कुणी बोलेना.

मला आयुष्यात कुणी असं ऐकलं नव्हतं. मला बघून माणसं टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात, पोट धरतात. गप्प कधीच बसत नाहीत. तिथं पायरीखाली थर्माकोलच्या भुशात बसून माझ्या पोटात जे काय पेटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाय. मी लगेच दूधवाल्याचा आवाज काढला, "आवो म्हशी वाट बघत्यात, गाणं आवरा!" हशा झाला. पण आधीचं ते काय मोडलं नाय. उलट पानपट्टीवाला म्हणाला, "तू थांब रं जरा. शेठ, अजून एक होऊ दे."

"तू थांब रं जरा." मला!

तरी ते एकवेळ गिळलं असतं. पण पुढच्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. ताई माझ्यापेक्षा थोरली. पोरगा पेठचा, म्हणजे आपल्याच हायवेवर, मंचरच्या पुढं. चांगली माणसं. बैठक झाली, साखरपुडा झाला, आणि एक दिवस ताई ओट्याजवळ उभी राहून भेंडी चिरता चिरता सहज म्हणाली, "हळदीला मी शेठला गाणं म्हणायला सांगितलंय."

"आणि मी?"

"तू मामाची नक्कल कर की. सगळे लई हसतात."

"मी पण गातो."

ती हसली. बघा, मी अजून गायलो पण नव्हतो.

"भावड्या, राग नको मानू," ती म्हणाली. "तू गायला लागलास की वाटतं, आता हा कुणाचा तरी आवाज काढणार. मी आधीच हसायला लागते. त्या दिवशी एक तरी गाणं असं पायजे की..."  सुरीचा हात हवेत तसाच राहिला. "शेठ गातो तसं."

माझी सख्खी बहीण. लहानपणी ती तापानं फणफणली होती तेव्हा मी डॉक्टर, कंपाउंडर आणि सुई असे तिन्ही आवाज काढून तिला हसवलं होतं. आणि हळदीला शेठ!

मी ठरवलं. हळदीला गाणार मीच. आणि असं गाणार की ताई डोळे पुसत बसेल.

आता उकुलेले आणायचं कुठून, तर शेठकडूनच. त्याच्याकडं एक नवीन आलं होतं, जुनं पडून होतं. मला वाटलं टाळाटाळ करेल, मग मला त्याच्यावर रागवायला जागा मिळेल. तर हा म्हणतो, "घेऊन जा की. थांब, नवीन तारा टाकून देतो." वर शिकवायला पण तयार. दुकानाच्या माडीवर, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून त्यानं माझी बोटं धरून धरून तारांवर ठेवली. त्याची आई खालून खाकरे पाठवायची. मी खायचो आणि जळायचो. तो वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं.

थोडं वाजायला लागल्यावर मी गाणी शोधायला लागलो, आणि तेव्हा कळलं की हे वाद्य म्हणजे एकट्या माणसाची फजिती करायलाच बनवलंय. चार तारा. खालचा जाड आवाज नाहीच. एकदा छेडलं की सूर उदबत्तीच्या राखेसारखा लगेच खाली पडतो. पेटीवर कसं, भाता दाबला की सूर तुमची वाट बघत उभा राहतो. हा नाय राहत. ज्या गाण्यात लांब ताण घ्यायचा असतो तिथं तुम्ही एकटेच वर लोंबकळत राहता आणि खालनं वाद्य पळून गेलेलं असतं.

पहिलं मी घेतलं सिनेमातलं दोघांचं गाणं. तो विचारतो, ती उत्तर देते. मला काय अवघड, मी दोन्ही आवाज काढणार. ताईला समोर बसवलं. पण त्या गाण्याला सुरुवातीलाच पन्नास व्हायोलिनं आहेत, आणि माणसं गाणं ओळखतात ते त्या व्हायोलिनांवरून. ती उकुलेलेवर टिंग टिंग अशी आली. मग मी व्हायोलिनं तोंडानं काढली. ताईनं ओठ दाबले. मग नायिकेचं कडवं आलं, आणि मी खरंच जीव ओतून, बारीक आवाजात, डोळे मिटून गायलो. डोळे उघडले तर ताई जमिनीवर आडवी आणि आई स्वयंपाकघरात भिंतीला धरून उभी.

"परत म्हण, परत म्हण," ताई म्हणाली, "मी ह्याचा व्हिडिओ करते."

नाय म्हटलं परत.

दुसरी लावणी. इथं तर मला हक्क वाटत होता. नारायणगावात पाडव्याला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेवाले फड ठरवायला येतात, ते सगळं बघत मी मोठा झालो. पण लावणी म्हणजे ढोलकी. ढोलकीचा तो घुमारा पोटात लागतो तेव्हा बाईचा सूर वर चढतो. उकुलेलेच्या पोटावर मी थाप मारली तर टकटक असा आवाज आला, कुणीतरी दार वाजवल्यासारखा. बाबा आतून ओरडले, "कोण हाय बघ रं!" एक हात पट्टीवर अडकलेला, दुसरा तारांवर, टाळी वाजवायला तिसरा हात देवानं दिलेला नाय. मी दोन ओळींवर सोडून दिलं.

मग आरती. लग्नाची पहिली पत्रिका ओझरच्या गणपतीला ठेवायला आम्ही सगळे गेलो होतो. मी उकुलेले नेलं होतं. डोक्यात असं की देवळाच्या बाहेर कट्ट्यावर बसून सावकाश, एकट्यानं, कधी कुणी म्हटली नसेल अशी हळू आरती म्हणायची. ताई शेजारी होती, शेठ नव्हता. सगळं जुळून आलं होतं. पहिली ओळ म्हटली. छान गेली. दुसऱ्या ओळीला शेजारून एक काका आले. काका म्हणजे कोण, मला काय माहीत! त्यांनी टाळ्या सुरू केल्या. मग एक आख्खी ट्रॅव्हल्स उतरली होती, अष्टविनायकवाली, ती चप्पल काढता काढता आरतीत शिरली. कुणीतरी पिशवीतनं झांजा काढल्या. माझी हळू आरती त्यांनी माझ्या हातातनं घेतली आणि पळतच सुटले. शेवटाला मी दोन ओळी मागं होतो. वरून ते काका मला म्हणाले, "पोरा, वाजवतो बरा, पण जरा सगळ्यांच्या बरोबर राहत जा."

परतीच्या गाडीत ताई म्हणाली, "आज चांगलं वाटलं रे."

"माझं?"

"सगळ्यांचं."

इकडं शेठची तयारी चालली होती. विचारलं तर सांगायचा पण. "एक साधंच घेतोय. ताईला आवडतं ते." साधंच! ज्याला येतं त्याला सगळं साधंच असतं.

आणि मग एक दिवस मला ते सुचलं जे शेठला जन्मात सुचलं नसतं. घाणा.

आमच्याकडं हळदीच्या दिवशी सकाळी घाणा भरतात. दोन मुसळांना आंब्याची पानं बांधायची, उखळात हळकुंडं टाकायची आणि सवाष्णींनी मिळून कांडायची. आता हळद पुड्यातलीच लावतात, घाणा नावाला पाच ठोके. पण त्याचं गाणं असतं. देवाचं नाव, गावच्या देवाचं नाव, मग घरातलं एकेक जोडपं, चुलते, आत्या, मामा, प्रत्येकाला एक ओळ. माझी आई ते म्हणते. तिची आई म्हणायची. शेठच्या घरात त्यांची गाणी वेगळी, मारवाडी. हे त्याच्याकडं असूच शकत नव्हतं. सगळं पुणं पालथं घातलं तरी मिळणार नाय असलं माझ्याकडं घरातच होतं.

मी आईला धरलं. आई पापड वाळत घालत होती.

"आरं ते बायांचं गाणं हाय."

"तू शिकव तर."

तिनं शिकवलं. सुरुवात अशी होती:

मुसळाला बांधा पान आंब्याचं,
आधी घेऊ नाव देवाचं.

"आता 'नाव देवाचं' आमी मागनं म्हणनार," आई म्हणाली. "झील धरत्यात ना तशी. पुढची बाई तवर दम घेती आन् पुढलं नाव आठवती. कुणाचं राह्यलं तर मागनं कुणीतरी कानात सांगती. हे एकट्यानं म्हनायचं नसतं रं बाळा."

"मी तिथं उकुलेले वाजवीन."

"ते नाव सांगंल का तुला?"

मी हसलो. मला काय पाठांतराचं भ्या! अख्ख्या मार्केटचा लिलाव मी तोंडपाठ म्हणतो. रोज पहाटे गोठ्यामागं बसून सराव केला. कुणाचाच आवाज काढायचा नाय, हे सगळ्यात अवघड होतं. थोरल्या चुलतीची ओळ आली की चुलतीचाच आवाज यायला बघायचा, मी तो दाबायचो, शिंक दाबतात तसा. पण शेवटी जमलं. हळूहळू वाजवत, एक ओळ, मग थोडं नुसतंच वाजवणं, मग पुढची ओळ. खरं सांगतो, चांगलं वाटत होतं. गाईसुद्धा रवंथ थांबवून बघायच्या, असं मी धरून चाललो.

हळदीच्या संध्याकाळी आमच्या दारात पिवळा मांडव, पिवळे पडदे, पिवळ्या साड्या. दुपारीच मांडव डहाळे झाले होते, भावकीनं ट्रॅक्टरवरनं आंब्याच्या फांद्या आणल्या होत्या, त्यांचा वास अजून मांडवात होता. ताई पाटावर बसलेली. शेठ पिवळा कुडता घालून, केस नीट, कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर ते. त्याचं नाव डीजेवाल्याकडं दिलेलं होतं. डीजेवाला म्हणाला, "आता यानंतर आपल्यासमोर..." आणि तेवढ्यात मी जाऊन माईक घेतला.

सगळे हसले. धाकटा मामा पुढच्याच रांगेत होता, तो आधीच ओरडला, "आलं! माझी फोनवाली कर!" त्याच्या शेजारी धाकटी मामी. तिचा चेहरा बघून वाटलं, हिला ती नक्कल कधीच आवडली नव्हती.

मी माईक स्टँडला अडकवला, काखेतलं उकुलेले पुढं घेतलं. वाजवलं. पहिली ओळ म्हटली.

मुसळाला बांधा पान आंब्याचं.

हसणं बंद झालं. असं नाय की हळूहळू. एकदमच. आत्यानं चुलतीचा हात धरला. आई सरबताचा ट्रे घेऊन येत होती ती जागेवर थांबली. दुसरी ओळ म्हटली, आणि आख्ख्या मांडवात फक्त मी आणि ते चार तारांचं पिल्लू. मी शेठकडं बघितलं. तो टक लावून माझ्याकडं बघत होता. राव, ती शांतता! पानपट्टीवाल्याची कात्री थांबली होती ना, तसली, पण माझी. मला वाटलं आता हे कधी संपूच नये.

आणि तीच शांतता मला नडली.

कारण झील कुणी धरेना. घाणा आहे म्हटल्यावर बायकांनी मागनं म्हणायला पायजे होतं. पण सगळ्यांच्या हातात मोबाईल. शूटिंग चालू. शूटिंग करताना बोललं की आपलाच आवाज आत येतो, हे आता सत्तरीच्या आत्याला पण माहीत आहे. सगळ्याजणी श्वास रोखून, मोबाईल सरळ धरून बसलेल्या. देव झाले, चुलते झाले, आत्या झाल्या. प्रत्येक ओळीनंतर मी एकटाच टिंग टिंग. दम घ्यायला जागा नाय, आठवायला जागा नाय. थोरला मामा, थोरली मामी झाली. मग मी गेलो एकदम मावशीवर.

मावशीची ओळ संपली आणि मला कळलं. आईच्या तोंडावरून कळलं. धाकटा मामा आणि मामी राहिले होते. आमच्याकडं मामा म्हणजे काय, उद्या अंतरपाटापाशी नवरीला हात धरून आणणारा माणूस. आणि दोन मामांतला एक घेतला, एक सोडला.

मागं फिरावं तर गाणं मागं कसं न्यायचं? मी वाजवतच राहिलो. बोटं एकाच जागी. मांडवात तीच शांतता, पण आता तिची चव बदललेली. मामीनं मोबाईल पर्समध्ये ठेवला.

"आमच्या ह्यांची नक्कल करायला येती," ती म्हणाली, मोठ्यानं नाय, पण माईकजवळ होती ती, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "आन् नाव घ्यायला तेवढं येत न्हाई."

आणि ती उठली. मामा पण उठला, कारण उठावंच लागतं. ताईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या हळदीतनं तिचे मामा-मामी उठून चालले होते आणि ते माझ्या गाण्यामुळं.

तेवढ्यात मागनं आवाज आला. थोरल्या मामाची ओळ. मी मावशीच्या आधी म्हटलेली, तीच, झील धरल्यासारखी. जणू गाणं अजून तिथंच आहे, मावशी आलेलीच नाय. शेठ. खुर्चीवरून उठून उभा राहिलेला, उकुलेले खुर्चीवर. एकदा म्हटली. परत म्हटली. आणि राव, काय बेसूर! शेठ, जो कधी सूर सोडत नाय, त्याला ती चालच माहीत नव्हती. बायांची चाल खाली येते तिथं हा वर जात होता.

आमच्या थोरल्या चुलतीला ते सहन झालं नाय. मोबाईल तिनं मांडीवर आपटला. "आसं नसतं रं शेठ! खाली घ्यायचं तिथं!" आणि तिनं घेतलं. आत्यानं घेतलं. मग सगळ्याच. मोबाईल गेले कुठच्या कुठं. थोरल्या मामाची ओळ तिसऱ्यांदा आली आणि तिच्या शेपटीला धरून पाच-सहाजणींनी एकदमच धाकट्या मामा-मामीचं नाव घातलं, आणि एकदा घालून भागलं नाय म्हणून परत घातलं. आई ट्रेसकट मामीच्या पुढं उभी राहून म्हणत होती. मामी बसली. थोडा वेळ फुगून बसली, मग पुढच्या ओळीला तिचेच ओठ हलायला लागले.

मग माझी गरजच संपली. बायांनी घाणा जो धरला तो सोडेनात. भावकीतलं कुणी सोडलं नाय, पेठच्या पावण्यांची पण नावं घातली. मी मध्ये उभा राहून वाजवत होतो आणि उकुलेलेचा आवाज मला स्वतःला पण येत नव्हता. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. मी बघत होतो, नीट बघत होतो, पण ती कुणामुळं डोळे पुसतेय ते तिथनं कळायला मार्ग नव्हता.

एक मात्र झालं. शेठचं गाणं राहिलं. घाणा आवरल्यावर ताईनं त्याला लांबून हाक मारली, त्यानं उकुलेलेकडं बोट दाखवून कसलीतरी खूण केली, तेवढ्यात हळद सुरू झाली आणि कोण कुणाला ओळखू येईना. मला आतून लई बरं वाटलं. बेसूर शेठ सगळ्यांनी बघितला आणि सूरवाला शेठ कुणी बघितलाच नाय!

पण ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच. लग्नात जो भेटेल तो, "काय सावरलं राव शेठनं!" धाकट्या मामानं तर त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. सगळ्यांच्या स्टेटसला तोच तुकडा, शेठ उभा राहून झील धरतोय. त्याच्या आधीची माझी ती सगळी शांतता कापून टाकलेली. लांब होत होतं म्हणे.

लग्नानंतर पाचपरतावनाला, म्हणजे नवरीला पहिल्यांदा माहेरी न्यायला, मी पेठला गेलो. चहा आला. ताईच्या सासूबाईंनी मला खालवर बघितलं. "नकला करणारं पावणं हेच ना गं? करा की एखादी."

मी घसा साफ केला. सवयच आहे.

"न्हाई आई," ताई म्हणाली, "नकला करतो, पण त्यो गातो."

मी तिच्याकडं बघितलं. चेष्टा करतेय का ते बघितलं. ती कपात साखर ढवळत होती.

येताना गाडीत मी विचारलंच. "हळदीला रडलीस ते कधी?"

"हळद गेली डोळ्यात."

"हळद लावलीच नव्हती तेव्हा."

"गप बस ना." तिनं खिडकीची काच खाली घेतली. कांद्याच्या चाळी मागं गेल्या. "तू पहिली ओळ म्हटलीस ना, तेव्हाच. मी म्हटलं आता हा कुणाचातरी आवाज काढेल. नाय काढलास."

मी तिला घरी सोडलं, चप्पलसुद्धा न काढता उलट्या पावली निघालो आणि थेट शेठच्या दुकानात गेलो. तो गिऱ्हाईकाला ब्लाऊजपीस दाखवत होता. ते गेल्यावर मी काउंटरवर दोन्ही हात ठेवून सांगितलं. ताई रडली. पहिल्या ओळीला. माझ्या. तू उठायच्या लई आधी.

मला त्याचं तोंड बघायचं होतं. एकदा तरी त्याच्या पोटात ते पेटलेलं बघायचं होतं.

"मला दिसलं होतं," शेठ म्हणाला. हसला पण, नेहमीचं. "म्हणून तर मी गायलो नाय नंतर. ताईनं हाक मारली, मी सांगितलं तार तुटली."

"तार तुटली होती ना पण?"

तो कापडाची घडी घालायला लागला. माडीच्या जिन्यावर त्याचं उकुलेले टेकवून ठेवलेलं होतं. मी जाऊन बघितलं. चारी तारा जुन्या, चारी जागेवर.

म्हणजे ते पण त्यानंच दिलं. गाणं जिंकलो म्हणून नाचत आलो तर ते पण ह्याच्याच दुकानातलं, घडी घालून दिलेलं. असल्या माणसावर जळायचं तरी किती? आणि तो परत विचारतो, "खरं सांग, झील लई बेसूर होती का रे?"

मी जिन्यातच उभा राहून त्याच्या वडिलांचा आवाज काढला. खर्जातला, चष्म्यावरून बघणारा. "शेठ! गिऱ्हाईक उभं आहे!"

तो दचकून उठला, कापडाचा अख्खा तागा जमिनीवर उलगडत गेला. तेवढं अजून माझ्याकडं आहे.